खाडे

आमच्या घरी दूध आलं की कॅलेंडरवर काही लिहायचं नाही, नाही आलं तरच लिहायचं. दूधवाले मामा आले नाहीत तर त्या तारखेच्या चौकोनात फुली, आणि आम्हीच गावाला गेलो म्हणून नको सांगितलं असेल तर गोल. महिना संपला की मामा दारात उभे आणि आई भिंतीवरच्या पानावर बोट फिरवत मोठ्याने सांगायची, "तीन खाडे तुमचे, दोन आमचे." पैसे दोन्हीचे सारखेच कापले जायचे, तरी तुमचे आणि आमचे तिने कधी एकत्र मोजले नाहीत. लहानपणी मला वाटायचं खाडा म्हणजे दुधाचाच असतो. मग कळलं पेपरचा असतो, भांडीवाल्या मावशींचा असतो, शाळेत हजेरीचा असतो, आणि सगळ्यात मोठा म्हणजे गिरणीतला, ज्याच्यावर आमचं घर उभं राहिलं. त्याच्याबद्दल पुढे लिहिते, आधी कॅलेंडर.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सुतळीने बांधलेली सव्वीस कॅलेंडरं सापडली, सगळी कालनिर्णय. पानांच्या मागे पदार्थांच्या कृती आणि लेख असतात, ते कधीतरी वाचायला होतील म्हणून आईने टाकली नव्हती. मी एकेक खाली काढलं, पानं सोडवली, फरशीवर जानेवारीशेजारी फेब्रुवारी असं मांडत गेले आणि झाडू बाजूला राहिला, दुपार तिथेच गेली. थोड्या वेळाने तारखा दिसेनाशा झाल्या, नुसत्या फुल्या आणि गोल दिसायला लागले. मे महिन्यात फुल्यांची गर्दी, कारण सोलापूरचा मे, घरी पोचेपर्यंत दूध नासलेलं असायचं आणि नासलं तरी तो खाडाच धरायचा हा आईचा नियम. जानेवारीत फुल्या कमी आणि बारीक आकडे जास्त, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे यायचे तेव्हा जास्तीचं दूध. एका जूनमध्ये ओळीने अकरा गोल, धाकट्या मावशीचं लग्न. मी वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते, मुलांना ग्राफच्या चौकोनांवर संकल्पचित्रं काढायला लावते, आणि माझ्याच घरात सव्वीस वर्षं एक बाई रोज सकाळी एक चौकोन भरायचा की मोकळा सोडायचा हे ठरवत होती आणि ते मला दिसलं नव्हतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून फोनवर तेहचिंग शिएबद्दल पुन्हा वाचलं. आधी माहीत होता पण त्या रात्री वेगळा दिसला. हा तैवानचा कलाकार, जहाजावर खलाशी म्हणून काम करत १९७४ मध्ये अमेरिकेत उतरला आणि कागदपत्रांशिवाय न्यूयॉर्कमध्ये राहिला. ११ एप्रिल १९८० ला त्याने खोलीत हजेरीचं घड्याळ लावलं, कारखान्याच्या गेटवर असतं तसलं, आणि ठरवलं की वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कार्ड पंच करायचं. अंगात कामगाराचा गणवेश. दर पंचला कॅमेऱ्याने स्वतःची एक फ्रेम घ्यायची. सुरुवातीला डोकं तुळतुळीत केलं होतं, त्यामुळे सगळ्या फ्रेम्स सलग लावल्या की सहा मिनिटांत एका वर्षाचे केस वाढताना दिसतात आणि मागे घड्याळाचे काटे गरगर फिरतात. वर्षाचे तास ८७६०. त्यातले १३३ हुकले. आणि त्याने ते लपवले नाहीत, त्याची यादीच करून ठेवली: झोप लागली म्हणून ९४, उशीर झाला म्हणून २९, वेळेच्या आधीच पंच झालं म्हणून १०.

मला त्या ८६२७ पंचपेक्षा हे १३३ जास्त आवडतात. माणूस झोपलाय कुठे हे त्या १३३ वरून कळतं. आणि ती कारणांची यादी वाचताना मला आईचाच आवाज ऐकू येतो, एवढे तुमचे, एवढे आमचे.

लोक विचारतात यात कला काय. शाळेत स्टाफरूममध्येही विचारतात, तेही बरोबरच आहे. २०१९ मध्ये मायामीत भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं सगळ्यांच्या फोनवर आलं होतं, मॉरित्झिओ कातेलान या इटालियन कलाकाराचं, आणि पाच वर्षांनी त्याची एक प्रत बासष्ट लाख डॉलरला गेली तेव्हा परत आलं, आणि दोन्ही वेळा मला चार जणांनी पाठवून विचारलं की मॅडम हे काय. मला स्वतःला ते केळं फारसं भिडलं नाही, त्याची गोष्ट किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच थांबते. पण एखाद्याने रोजच्या वापरातली वस्तू घ्यावी, हजेरीचं घड्याळ, टपालाचं तिकीट, सुई, तारीख, तिला एक साधा नियम लावावा आणि तो नियम इमानाने पाळत राहावा, आणि पाळता पाळता नियमात नसलेलं काहीतरी फटीतून आत यावं, यावर माझा जीव आहे. ऑन कावारा नावाचा जपानी चित्रकार होता, न्यूयॉर्कला राहायचा, त्याने ४ जानेवारी १९६६ पासून नुसत्या तारखा रंगवल्या. ज्या दिवशी रंगवायला घेतली त्याच दिवसाची तारीख, आणि रात्री बारापर्यंत पूर्ण नाही झाली तर चित्र नष्ट करायचं. मित्रांना तारा पाठवायचा, मी अजून जिवंत आहे, एवढाच मजकूर. तो असण्याची नोंद करत होता, आणि आमची आई उलट, असलं तर लिहायचंच नाही, नाही आलं तरच फुली. भरलेला चौकोन म्हणजे दूध नाही, आणि कोरा चौकोन म्हणजे दूध आलं, चहा झाला, सगळं नेहमीसारखं.

आता गिरणीतला खाडा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत लागले तेव्हा पहिली चार वर्षं बदली होते. ज्यांच्या घरात गिरणी नव्हती त्यांच्यासाठी सांगते, बदली म्हणजे कायम नसलेला कामगार. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, आत कायम कामगारांची हजेरी लागायची, कुणाचा खाडा पडला की जॉबर, म्हणजे मुकादम, बाहेर येऊन हाक मारणार, आणि ज्याला हाक आली त्याला त्या दिवशी काम. कुणाचाच खाडा नसला तर डबा तसाच घरी परत. अण्णा सांगायचे, डबा परत आला की आई काही विचारायची नाही, नुसता उघडून त्यातली भाकरी दुरडीत ठेवायची. दुसऱ्याचा खाडा ती आमची हजेरी. अण्णांना याची आयुष्यभर टोचणी होती. सिद्धेश्वराला हात जोडताना सगळ्यांना बरं ठेव म्हणायचं आणि सगळे बरे असले तर आपल्याला काम नाही हे आत माहीत असायचं, असं ते एकदा तलावाच्या कट्ट्यावर बसून मला म्हणाले होते, तेव्हा मी कॉलेजला होते आणि त्याचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं.

गिरणी बंद पडली, सोलापुरात एकेक करत पडतच गेल्या, आणि अण्णा अक्कलकोट रोडला एका चादरीच्या कारखान्यात लागले, तिथे कार्ड पंच करायचं काम शिकले. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत असते पण तिच्यावरचा मोर किंवा वेल येतो कुठून हे फार कमी जणांनी बघितलेलं असतं. मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेलं असतं. पुठ्ठ्याची लांबट कार्डं, दोरीने ओवून माळ केलेली, एकेक कार्ड फिरत खाली येतं आणि सुयांच्या रांगेवर जाऊन दाबतं. जिथे भोक आहे तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि वर उचलला जातो, त्याच्यासोबत ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक सरकतो, धागा खालीच राहतो. मग धोटा जातो, बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा पडतो, पुढचं कार्ड. बस एवढंच आहे. भोक आहे की नाही, तेवढ्या एका प्रश्नावर अख्खा मोर. अण्णा ग्राफ बघून भोकं पाडायचे, डोळे बारीक करून, ओळ चुकू नये म्हणून ग्राफवर पट्टी सरकवत, आणि एक भोक चुकलं तर चादरीत ती चूक दर रिपीटला, म्हणजे नक्षी पुन्हा सुरू होईल तिथे तिथे, परत परत येणार.

जोसेफ मारी जकार्दने हे यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला केलं. पुढे १८३९ मध्ये लिऑनला त्याचाच चेहरा रेशमात विणला, त्याला २४ हजार कार्डं लागली, आणि तो इतका बारीक होता की लोकांना छापलेलं चित्र वाटायचं. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने त्यातलं एक मिळवून घरी लावलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, आणि आपल्या गणिती यंत्राला हुकूम द्यायला त्याने हीच भोकांची कार्डं घ्यायची ठरवली. म्हणजे आता मी ज्याच्यावर हे टाइप करते आहे त्याचा एक पूर्वज अक्कलकोट रोडच्या मागावर माझ्या वडिलांच्या हातात होता. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना त्या कॉम्प्युटरचं काही वाटलं नाही, ते २४ हजारावरच अडकले. "चोवीस हजार? ओवली कुणी?" हाच प्रश्न. कार्डं ओवणं हे बोटं सोलून काढणारं काम आहे, ते करणाऱ्याचं नाव ते विचारत होते.

अण्णांसोबत मी एक खेळ केला होता, ते जायच्या दोनेक वर्षं आधी. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने १९१३ मध्ये काय केलं, एक मीटर लांबीचा धागा आडवा धरून एक मीटर उंचीवरून खाली सोडला, जसा पडला तसाच चिकटवून टाकला, असं तीनदा, आणि त्या तीन वाकड्या रेघांच्या कडेने लाकडाच्या पट्ट्या कापल्या. म्हणजे मीटरच, पण प्रत्येक मीटर वेगळा वाकलेला. मला हे काम फार आवडतं, पॅरिसजवळच्या ज्या मीटरला तेव्हा सगळं जग मान तुकवायचं त्याच्याशी एका धाग्याने केलेली गंमत आहे ती. तर मी म्हटलं आपणही करू, घरात सुताचे कोन होतेच. अण्णा आरामखुर्चीत होते, म्हणाले, "पंखा बंद कर आधी." मग एक मीटर मोजून तोडलं, स्टुलावर चढून सोडलं, ते पडता पडता गोळा झालं, टोकाला गुंता. मी म्हटलं बघा, नशिबाने कसं पडलं. तर अण्णा म्हणाले, "नशीब कसलं. एकेरी सूत आहे, पीळ हाय त्याच्यात, ते गुरफटणारच. तो दुसरा कोन घे, दुपदरी." दुपदरी सुतात दोन धागे उलट पिळाने एकमेकांत घातलेले असतात त्यामुळे पीळ पिळाला धरून ठेवतो. ते सोडलं तर खरंच शांतपणे पडलं, लांब सैल वळण घेऊन. मग त्यांना चेव आला. मे महिना होता, म्हणाले आत्ता कोरडी हवा आहे, पावसाळ्यात हेच सूत वेगळं पडेल, कोरड्या हवेत सूत कडक होतं, मागावर तुटतंसुद्धा जास्त, गिरणीत त्यासाठी हवेत पाण्याचे फवारे सोडायचे. आम्ही त्या दुपारी तीस-चाळीस धागे सोडले असतील. द्युशाँला जो योगायोग वाटला त्यात अण्णांना पीळ दिसत होता, हवा दिसत होती, कताई दिसत होती. मला अजून वाटतं की दोघंही बरोबर होते, आणि दोघांना एका खोलीत बसवायला पाहिजे होतं.

ते धागे मी काळ्या कार्डशीटवर चिकटवून ठेवलेत. प्रत्येकाच्या खाली अण्णांच्या अक्षरात सूत कुठलं ते लिहिलेलं.

शाळेत मी असले खेळ मुलांसोबत करते, परीक्षेची तयारी सांभाळून, शनिवारी. सोल लविट म्हणून अमेरिकन कलाकार, त्याने १९६७ मध्ये लिहिलं होतं की कल्पनाच कला बनवणारं यंत्र बनते. तो भिंतीवर काढायच्या चित्रांच्या नुसत्या सूचना लिहायचा, काढायचे दुसरेच लोक, प्रदर्शन झालं की वरून रंग मारून टाकायचे आणि दुसऱ्या गावात त्याच सूचनेवरून परत काढायचे. लग्नाच्या घरात जशी रांगोळी ठिपक्यांच्या हिशोबावर चालते, सात ते एक किंवा अकरा ते सहा, कुठल्याही काकूंनी काढली तरी तीच रांगोळी आणि तरी प्रत्येकीची वेगळी, तसंच काहीसं. आठवीच्या वर्गाला मी सूचना दिली: मोठ्या कागदावर बावन्न चौकोन, प्रत्येकाने आपल्या हजेरी क्रमांकाच्या चौकोनात आपल्या क्रमांकाइतक्या सरळ रेघा काढायच्या, काम आजच संपवायचं. पहिल्या नंबरच्या पोराला एक रेघ, तो इतका विचार करत बसला की तास संपत आला. बावन्नवाली मुलगी घाम पुसत भराभर ओढत होती, तिचा चौकोन जवळजवळ काळा. तीन जण गैरहजर होते, त्यांचे चौकोन कोरे राहिले. सोमवारी ते तिघं आले आणि विचारलं, मॅडम आम्ही आता काढू का? मी वर्गालाच विचारलं. जोरात भांडण झालं, एक पार्टी म्हणे काढू द्या बिचाऱ्यांना, एक म्हणे नियम म्हणजे नियम. शेवटी त्या तिघांतलाच एक पोरगा मागे दारापर्यंत गेला, तिथून कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या मॅडम, माझाच सगळ्यात आधी दिसलालाय."

तो कागद अजून वर्गात आहे.

तर या सगळ्यातून ती कॅलेंडरं डोक्यात घोळत होती, आणि एका सकाळी भाजी निवडताना वाटलं, खाड्यांची चादर विणायची. एक वर्ष, एक चादर. आडवे बारा महिने, उभे एकतीस दिवस, ज्या दिवशी खाडा तो चौकोन दुसऱ्या रंगात. वर्ष १९९७ घेतलं, कारण त्या वर्षी अण्णा चादरीच्या कारखान्यात लागले होते आणि मावशीचं लग्नही तेव्हाचंच. (त्याच वर्षी मेक्सिको सिटीत फ्रान्सिस आलीस नावाचा कलाकार बर्फाची अख्खी लादी रस्त्यावरून ढकलत निघाला होता, नऊ तासांहून जास्त वेळ, ती वितळून नुसता ओला डाग उरेपर्यंत. आमच्याकडे रसवंतीवाल्याची बर्फाची लादी गोणपाटात आणि भुशात गुंडाळून हातगाड्यावर यायची, आणि मागे डांबरावर पाण्याची रेघ. मे महिन्यातल्या त्या फुल्यांकडे बघताना मला दरवेळी ती रेघ आठवते.)

अण्णांच्या जुन्या सोबत्याचा मुलगा साखर पेठेत डिझाइनचं काम करतो. आता पुठ्ठ्याची कार्डं राहिली नाहीत, सगळं स्क्रीनवर, फाइल थेट मागावरच्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डला जाते. त्यांच्या घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी, मला अक्का म्हणतो. त्याने माझा कागद बघितला, एक्केचाळीस खाडे, सत्तावीस मामांचे आणि चौदा आमचे, आणि पहिला प्रश्न, "रिपीट कितीचा धरायचा अक्का?" मी म्हटलं रिपीट नाही. तो थांबला. "रिपीट नाही म्हणजे? मग चुकलं तर कळणार कसं?" मी त्या प्रश्नापाशी बराच वेळ अडकले. खरंच आहे, वेलीत चूक दिसते कारण शेजारची पाकळी बरोबर असते. खाड्यांना शेजारी कुठला.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. बारा गुणिले एकतीस म्हणजे तीनशे बहात्तर चौकोन, दिवस तीनशे पासष्ट, सात चौकोन उरतात. फेब्रुवारीचे तीन, आणि एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबरचा एकेक. "तीस फेब्रुवारीला दूध आलंच नाही की अक्का. मग खाडा धरू?" मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "जो दिवसच नाही त्याचा खाडा कसा लागेल? पण आलं असंही लिहू नको, मामांनी घातलं नाही ते." जेकार्डला तर हो किंवा नाही एवढंच कळतं, धागा वर किंवा खाली. त्याने दहा मिनिटं डोकं खाजवलं आणि मार्ग काढला, त्या सात चौकोनांत दोन्ही रंग एक आड एक, अगदी बारीक, म्हणजे लांबून तिसराच रंग वाटेल. मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

रंग मी त्याच्यावर सोडले, आणि ते मुद्दाम. इटलीच्या आलिगिएरो बोएत्तीने १९७१ पासून जगाचे मोठमोठे नकाशे अफगाण बायकांकडून भरतकामात करून घेतले, प्रत्येक देशात त्याच्या झेंड्याचे रंग. समुद्र निळा हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण अफगाणिस्तानला समुद्रच नाही, आणि एक नकाशा आला तो अख्ख्या गुलाबी समुद्राचा, बायकांकडे गुलाबी दोरा भरपूर होता. बोएत्तीला ते इतकं आवडलं की पुढे समुद्राचा रंग त्याने त्यांच्यावरच सोपवला. तो नकाशा मला जगातल्या सगळ्यात सुंदर वस्तूंपैकी एक वाटतो, पण त्याच्याखाली नाव बोएत्तीचं, आणि ही गोष्ट मला खुपते, जशी चादरीच्या कोपऱ्यातल्या लेबलवर पंच करणाऱ्याचं नाव नसतं ते खुपतं. माझ्या चादरीचे रंग मागाने ठरवले. एका ऑर्डरचा मोरपंखी आणि पिवळा ताणा आधीच चढलेला होता, ती संपायच्या आत माझा एक नग काढून घ्यायचा असं ठरलं. मोरपंखी आलेले दिवस, पिवळे खाडे.

मी विणताना गेले होते. त्या खटखटाटात बोलता येत नाही, नुसतं बघायचं. डिसेंबर डावीकडे आणि जानेवारी उजवीकडे असं उलटं दिसत होतं कारण मी मागच्या बाजूला उभी होते, आणि दिवस एकेक ओळीने, बाराही महिन्यांची एक तारीख एकदम, मग दोन तारीख एकदम, असे पुढे सरकत होते. वर्ष मी असं कधी बघितलं नव्हतं. आणि सोलापुरी चादर दोन पदरी असते, एका बाजूला जे पिवळं ते दुसऱ्या बाजूला मोरपंखी. पालथी केली की सगळं वर्ष पिवळं होतं, आणि खाड्यांचे चौकोन मोरपंखी, आलेल्या दिवसांच्या रंगाचे. हे मला माहीत होतं, लहानपणापासून त्याच चादरी पांघरल्यात, तरी पालथी केली तेव्हा मला गेटवर डबा घेऊन उभे असलेले अण्णा आठवले आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

चादर घरी आणली. आईने चष्मा लावला, पलंगावर पसरली आणि बोट फिरवायला लागली. तिला कॅलेंडर लागलं नाही. "हे तुझ्या मावशीचं लग्न. हे मामांच्या म्हशीला बरं नव्हतं, सलग चार दिवस. हा मे, नासलेलं सगळं." सात मिसळ चौकोनांवरून हात फिरवला आणि "हे बरं केलं त्यानं" म्हणाली. मग मोजायला बसली, तिच्या पद्धतीने, तुमचे वेगळे आणि आमचे वेगळे. परत मोजलं. बावीस जुलैपाशी थांबली.

"हा कुठला?"

मी कॅलेंडर आणलं. जुलै, बावीस, चौकोन कोरा. फुली नाही, गोल नाही. माझ्या कागदावर बघितलं, तिथेही नाही. फाइल करताना कुठेतरी एक चौकोन जास्तीचा पिवळा झाला होता आणि रिपीट नसल्यामुळे मागावर कुणाला दिसला नव्हता, मला तर दोन दिवस घडी उलगडून बघूनही दिसला नव्हता. मी म्हटलं राहू दे आई, छान आहे, त्या पोराचा खाडा समज. आई गंभीर झाली. म्हणाली, "असं कसं, मामांच्या नावावर लागला की तो. दूध घातलंय त्यांनी त्या दिवशी."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांचा मुलगा येतो मोटरसायकलवरून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपेत असतानाच दारात आवाज ऐकला. आई त्याच्या हातात पैसे देत होती आणि तो महिना कुठे संपलाय मावशी म्हणून हात मागे घेत होता.

"तुझ्या वडलांचा एक खाडा जास्त लागला होता आमच्याकडून," आई म्हणाली.

"कधीचा?"

"सत्त्याण्णवचा. जुलै."